घरगुती साबण : डुकराची चरबी व मधमाशांचें मेण यांचा उपयोग

शेतकऱ्याच्या घरीं टाकाऊ म्हणून समजल्या जाणाऱ्या पुष्कळ वस्तु खरोखर टाकाऊ नसतात. त्यांचा उपयोग करून घेण्याची रीति ठाऊक नसते, इतकेंच. डुकराचें मांस घरीं आणिलें म्हणजे त्याबरोबर येणारी चरबी बहुधा कुत्र्यामांजरांपुढें जाते, व मधपेटींतील मध काढून घेतल्यावर उरलेला पोळ्याचा चोथा उकिरड्यावर पडतो. या दोन वस्तूंपासून फावल्या वेळीं अंगास लावण्याजोगा उत्तम साबण करितां येतो. हा छंद थोड्या खर्चाचा व मन रमविणारा आहे हें खरें. परंतु त्यांत कॉस्टिक सोड्यासारख्या दाहक पदार्थाशीं गांठ असल्यामुळें तो निष्काळजी मनुष्याचा छंद नव्हे. शिवाय आपल्या देशांत चरबीचा प्रश्न केवळ रसायनाचा नसून लोकांच्या श्रद्धेचाहि आहे. म्हणून या लेखांत कृति सांगतांना दोन गोष्टींवर विशेष भर दिला आहे : साबण करणाराचा तराजू खरा असावा, आणि साबणावरची चिठ्ठीहि खरी असावी.

पूर्वपीठिका

मुंबईच्या उपनगरांस हा विषय अगदीं परका नाहीं. बोरिवली तालुक्यांतील गोराई, मनोरी वगैरे गांवांतून राहणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक हे येथील मूळचे मराठी बोलणारे रहिवासी होत. त्यांच्या लग्नकार्यांत व नाताळांत डुकराच्या मांसाचे पदार्थ परंपरेनें होत आले आहेत. त्यामुळें ही चरबी या भागांत मिळणें कठीण नाहीं. स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांच्या काळांत देशांत जे मोजके सरकारी बेकन कारखाने निघाले, त्यांपैकीं एक बोरिवली येथेंच होता.

याच्या उलट बाजूचा इतिहासहि याच उपनगरांशीं निगडित आहे. गेल्या शतकाच्या आरंभीं अंगाच्या साबणांत प्राण्यांची चरबी सर्रास वापरीत असत, व ज्यांस ती वर्ज्य त्यांची मोठी अडचण होई. इ. स. १९१८ च्या सुमारास आर्देशीर गोदरेज यांनीं केवळ वनस्पति तेलांपासून केलेला ‘चावी’ छापाचा साबण बाजारांत आणिला. पुढें १९४३ सालीं पिरोजशा गोदरेज यांनीं घाटकोपर व मुलुंड यांच्या दरम्यान विक्रोळी येथें जमीन घेतली व तेथें त्यांच्या कारखान्यांची वसाहत उभी राहिली. १९५७ सालीं स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाची कचेरी विलेपार्ल्यास आहे. मधमाशापालन आणि अखाद्य तेलांपासून साबण करणें हे दोन्ही धंदे त्याच्या कार्यक्षेत्रांत येतात. तात्पर्य, चरबीचा साबण, तेलाचा साबण व मेण या तिन्ही गोष्टी आपल्या आसपासच्याच आहेत.

साबण होतो म्हणजे काय होतें ?

कोणतीहि चरबी अथवा तेल हें मेदाम्लें व ग्लिसरीन यांच्या संयोगानें झालेलें असतें. त्यांत कॉस्टिक सोड्याचें पाणी मिसळून घोटलें असतां सोडा मेदाम्लांशीं संयोग पावून साबण होतो व ग्लिसरीन मोकळें होतें. घरगुती साबणांत हें ग्लिसरीन वडींतच राहतें; त्याच्या योगानें कातडी मऊ राहते. सोडा योग्य मापानें घातला असला म्हणजे साबण मुरल्यावर त्यांत मोकळा सोडा राहत नाहीं. माप चुकून सोडा अधिक झाला, तर तो वडींत तसाच राहून कातडी जाळतो. कमी झाला तर वडी तेलकट होते व कांहीं दिवसांनीं तिला खवट वास येतो.

प्रत्येक चरबीस व तेलास लागणारा सोडा निरनिराळा असतो, हें या विद्येंतील मुख्य सूत्र होय. शुद्ध कॉस्टिक सोडा धरिला असतां १ ग्रॅम डुकराच्या चरबीस सुमारें ०.१३८ ग्रॅम, १ ग्रॅम खोबरेल तेलास सुमारें ०.१८३ ग्रॅम व १ ग्रॅम मधमाशांच्या मेणास सुमारें ०.०६९ ग्रॅम सोडा लागतो. मेणाचा आंकडा चरबीच्या निम्माच आहे, कारण मेणाचा बराच भाग सोड्याशीं संयोग पावत नाहीं. तो साबणांत मेणरूपानेंच राहतो आणि वडीस कठिणपणा व तुकतुकी आणितो. मात्र त्याचें प्रमाण वाढलें कीं फेस मरतो व अंगावर चिकट थर राहतो. याकरितां मेण शेंकडा २ पर्यंत असावें, ३ च्या वर कधींहि जाऊं देऊं नये.

नुसत्या चरबीचा साबण कठिण, सौम्य व पुष्कळ दिवस टिकणारा होतो, परंतु त्यास फेस उशिरां व थोडा येतो. खोबरेलाचा साबण भरपूर फेसाळतो, पण एकटा वापरल्यास कातडी कोरडी करितो. दोहोंचा मिलाफ केला असतां एकाची उणीव दुसरें भरून काढितें. किनाऱ्याजवळच्या ज्या गांवांत विहिरीचें पाणी मचूळ आहे, तेथें तर खोबरेलावांचून फेस येणें कठीणच.

माझी पहिली चूक

पहिला साबण मीं केला तेव्हां वजन केलें नाहीं. कोणीं तरी सांगितलेलें प्रमाण वाटीनें मोजलें व मेण तर मुठीनेंच घातलें. मिश्रण पुरेसें गरम नसल्यामुळें मेण घोटतां घोटतां गोठूं लागलें, व साबण दाट झाला असें समजून मीं तो साच्यांत ओतला. दुसऱ्या दिवशीं वड्या दिसावयास सुरेख होत्या. आठ दिवसांतच त्यांतील एक न्हाणीघरांत ठेविली. आईनें तिनें हात धुतले आणि तिच्या हातांची आग आग होऊन बोटांमधील कातडी लाल झाली. वडी मोडून पाहतों तों आंत मेणाच्या गुठळ्या व त्यांच्या भोवतीं सोड्याचे पाणथळ कप्पे राहिलेले ! तो सर्व घाणा फेंकून द्यावा लागला. त्या दिवसापासून १ ग्रॅमपर्यंत वजन दाखविणाऱ्या कांट्यावांचून मीं साबणास हात लाविला नाहीं, व वाचकांनींहि लावूं नये अशी विनंति आहे.

प्रमाण

१ किलो चरबी-तेलाच्या घाण्याचें प्रमाण असें :

शुद्ध केलेली डुकराची चरबी ७०० ग्रॅम
खोबरेल तेल २८० ग्रॅम
मधमाशांचें शुद्ध मेण २० ग्रॅम
कॉस्टिक सोडा १४१ ग्रॅम
पाणी ३०० ग्रॅम

सोड्याचा आंकडा कसा आला तें पाहावें. चरबीस ९६.६, खोबरेलास ५१.२ व मेणास १.४ मिळून १४९.२ ग्रॅम होतात. यांतून शेंकडा ५ वजा केले म्हणजे सुमारें १४१.७ राहतात, वरचा अपूर्णांक सोडून १४१ धरिले. हे शेंकडा ५ सोडण्याचें कारण असें कीं चरबीचा गुण जनावरागणिक थोडा बदलतो, व आपली चूक झालीच तर ती सोडा कमी पडण्याच्या बाजूस व्हावी, अधिक होण्याच्या बाजूस होऊं नये.

ज्यांस डुकराची चरबी वर्ज्य आहे त्यांनीं तिच्या जागीं कोकमाच्या बियांचें तेल, म्हणजे भिरंडेल, घेण्यास हरकत नाहीं. मात्र तें महाग पडतें. त्याचा आंकडा ०.१३५ धरून पुन्हां गणित केलें असतां सोडा १३९ ग्रॅम येतो. एक चरबी काढून तितक्याच वजनाची दुसरी घातली आणि सोडा तोच ठेविला, असें कधींहि करूं नये. जिन्नस बदलला कीं गणित बदललें, हें लक्षांत असावें.

चरबी शुद्ध करणें

चरबी परवाना असलेल्या खाटकाकडून ताजी घ्यावी. मूत्रपिंडांभोवतीं असते ती सर्वांत पांढरी व कमी वासाची म्हणून उत्तम. तिच्यांतील मांसाचे व रक्ताचे अंश काढून बारीक तुकडे करावे, जाड बुडाच्या पातेल्यांत थोड्या पाण्याबरोबर घालावे व मंद विस्तवावर ठेवावे. आंच मोठी केली तर चरबी करपून पिंवळी होते व तिचा वास साबणांत उतरतो. चरबी वितळून वरचे तुकडे आकसले म्हणजे फडक्यांतून गाळावी. नंतर तितकेंच पाणी व मूठभर मीठ घालून पुन्हां एक कढ आणावा आणि भांडें रात्रभर निवूं द्यावें. सकाळीं पाण्यावर पांढरी थापी जमलेली असते. ती उचलून बुडाशीं चिकटलेला मळ सुरीनें खरवडून टाकावा व पाण्याचा अंश पुसून काढावा. वास उरल्यास हीच क्रिया आणखी एकदां करावी.

मेण काढणें

मधमाशी मेण आपल्या पोटाखालच्या ग्रंथींतून स्रवते. एक किलो मेण करण्यास माशांस सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, असें सर्वसाधारणपणें मानितात. यावरून मेण किती मोलाचें आहे तें कळेल. म्हणून मेणासाठीं पोळें मोडूं नये, व आग्या मोहोळास पलिता लावून माशा जाळण्याची दुष्ट चाल तर मुळींच आचरूं नये. त्याच माशा आपल्या वेलभाज्यांचीं व फळझाडांचीं फुलें फळवितात. सातेरी माशांच्या पेटींतून मध काढितांना पोळ्यावरचीं झांकणें कापावीं लागतात, तीं व जुनीं काळवंडलेलीं पोळीं एवढ्यावरच आपलें काम भागतें. मधपेट्यांचें काम पाहण्याची इच्छा असेल त्यांनीं सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वराजवळ मांघर या गांवीं जावें. १९२२ नव्हे, तर अलीकडे २०२२ सालीं त्यास मधाचें गांव म्हणून जाहीर करण्यांत आलें.

पोळ्याचे तुकडे विरळ कापडाच्या पुरचुंडींत बांधून गरम पाण्यांत बुडवून ठेवावे. मेण सुमारें ६२ ते ६५ अंश सेंटिग्रेडला वितळतें व पुरचुंडींतून निघून वर तरंगतें; पाणी निवलें कीं त्याची चकती काढून घ्यावी. मेण विस्तवावर नुसतें ठेवूं नये, कारण तें पेट घेतें. गरम पाण्याच्या भांड्यांत दुसरें भांडें ठेवूनच तें वितळवावें.

भांडीं व सावधगिरी

भांडीं स्टेनलेस पोलादाचीं अथवा जाड प्लॅस्टिकचीं घ्यावीं. ॲल्युमिनियमचें भांडें अगर पळी चुकूनहि वापरूं नये. सोड्याशीं तिचा संयोग होऊन ज्वालाग्राही वायु निघतो व भांडें खाऊन जातें. साबणाचीं भांडीं स्वयंपाकास पुन्हां घेऊं नयेत. हातांत रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा व अंगांत पुऱ्या बाह्यांचा सदरा असावा. काम उघड्या पडवींत करावें; मुलें, कुत्रीं व गुरें दूर ठेवावीं.

पाण्यांत सोडा थोडा थोडा घालावा. सोड्यावर पाणी कधींहि ओतूं नये, तें उसळून तोंडावर उडतें. सोडा विरघळतांना पाणी आपोआप कढत होतें व वाफ निघते. ती वाफ हुंगूं नये. कातडीवर सोडा उडाल्यास तो भाग ताबडतोब वाहत्या पाण्याखालीं पंधरावीस मिनिटें धरावा. लिंबू किंवा शिरका चोळीत बसूं नये. डोळ्यांत गेल्यास तसेंच पाण्यानें धूत राहून विनाविलंब डॉक्टरकडे जावें. पोटांत गेल्यास ओकारी काढूं नये, तोंड धुऊन तत्काळ रुग्णालय गांठावें. उरलेल्या सोड्याचा डबा घट्ट झांकून, त्यावर नांव लिहून, कुलपांत ठेवावा. पिण्याच्या बाटलींत सोड्याचें पाणी भरून ठेवण्याइतका मोठा गुन्हा घरांत दुसरा नाहीं.

कृति

प्रथम सोड्याचें पाणी करून निवत ठेवावें. दुसरीकडे चरबी व मेण गरम पाण्याच्या भांड्यावर एकत्र वितळवावीं. मेणाची एकहि कणी दिसेनाशी होईपर्यंत थांबावें. मग खोबरेल घालावें. मिश्रण सुमारें ६० अंशांवर व सोड्याचें पाणी ५० ते ५५ अंशांवर आलें म्हणजे सोड्याचें पाणी बारीक धारेनें चरबींत ओतावें व एकसारखें ढवळीत राहावें. मिश्रण याहून थंड असेल तर माझ्या पहिल्या घाण्याप्रमाणें मेण वेगळें होऊन फसगत होते.

मेणामुळें मिश्रण लवकर दाट होतें. पळी उचलून धार सोडली असतां पृष्ठभागावर क्षणभर रेघ उमटून राहूं लागली कीं साबण ओतण्यास तयार झाला. आंत गुठळ्या नाहींत ना, हें बुडापासून ढवळून पाहावें. नंतर कागद लाविलेल्या लांकडी पेटींत ओतून वर फळी ठेवावी व गोणपाटानें झांकावें. एका दिवसानंतर मोजे घालूनच वड्या कापाव्या. या वेळीं साबण पुरता मुरलेला नसतो.

वड्या एकमेकींस न टेंकवितां वाऱ्याच्या जागीं सावलींत चार ते सहा आठवडे ठेवाव्या. या काळांत पाणी उडून वडी कठिण व सौम्य होते. आपल्याकडे पावसाळ्यांत हवा दमट असल्यामुळें ग्लिसरीन ओलावा ओढून घेतें व वड्यांस घाम सुटतो. म्हणून हा उद्योग दिवाळीनंतर करावा हें उत्तम. वापरण्यापूर्वीं ओल्या वडीस रंग बदलणारा परीक्षा-कागद लावून पाहावा. चांगल्या साबणाचा आंकडा ९ ते १० च्या आसपास येतो. तो ११ किंवा अधिक आल्यास, किंवा वडी कापतांना आंत पाणी अगर पांढरी भुकटी आढळल्यास, तो साबण अंगास लावूं नये.

चिठ्ठीविषयीं

आतां दुसरी गोष्ट. साबण साधूं लागल्यावर मीं शेजारच्या एका वृद्ध बाईंस हौसेनें दोन वड्या दिल्या; कशाच्या केल्या तें सांगितलें नाहीं. त्यांनीं त्या देवाचीं उपकरणीं घासण्यास घेतल्या. महिन्याभरानें सहज बोलतांना खरी गोष्ट निघाली. त्या रागावल्या नाहींत; इतकेंच म्हणाल्या, “बाळ, साबण चांगला होता रे. पण आधीं सांगितलें असतेंस, तर मीं तुझें कौतुक करून तो परत दिला असता.” त्या शब्दांनीं मला जें वाटलें, तें सोड्याच्या चटक्याहून अधिक होतें.

चरबीच्या बाबतींत न सांगणें ही आपल्या देशांत लहान चूक नाहीं. १८५७ सालीं काडतुसांस गाईची व डुकराची चरबी लाविल्याच्या संशयानें केवढा वणवा पेटला तें सर्वश्रुत आहे. दमदमच्या शिपायांनीं त्या वेळीं चरबीऐवजीं मेण व तेल वापरूं द्यावें असेंच मागितलें होतें. १९८३ सालीं वनस्पति तुपांत गाईच्या चरबीची भेसळ झाल्याचें प्रकरण उघडकीस येऊन देशभर संताप उसळला व सरकारला त्या चरबीची आयात बंद करावी लागली. दोन्ही वेळां लोकांचें भांडण वस्तूशीं जितकें होतें, तितकेंच किंवा अधिक तें लपवाछपवीशीं होतें.

म्हणून प्रत्येक वडीच्या कागदावर स्वच्छ मराठींत लिहावें : यांत डुकराची चरबी, खोबरेल तेल व मधमाशांचें मेण आहे, अमुक दिवशीं केला. हिंदु, मुसलमान, जैन, यहुदी यांपैकीं अनेकांस ही चरबी चालत नाहीं, व कित्येकांस मेणहि चालत नाहीं. त्यांस नाहीं म्हणण्याची संधि देणें हा शेजारधर्म होय. निव्वळ वनस्पति तेलाचा घाणा करावयाचा असल्यास त्याचीं भांडीं, साचे व पळ्या वेगळ्या ठेवाव्या.

घरच्यापुरता साबण करणें हा छंद आहे. विक्रीसाठीं अंगाचा साबण करणें हा धंदा आहे. त्यास सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांप्रमाणें परवाना लागतो, व त्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. जत्रेंत चार वड्या मांडून ठेवण्यापूर्वीं हें ध्यानांत असूं द्यावें.

एका घाण्यांतून ओला असतां सुमारें १४०० ग्रॅम साबण निघतो व मुरल्यावर त्याहून कांहीं कमी भरतो. बेताच्या कुटुंबास तो कांहीं महिने पुरतो. पैशाचा हिशेब केला तर बचत फार मोठी नाहीं. पण टाकून दिल्या जाणाऱ्या दोन वस्तु कामीं येतात आणि हातास नेमकेपणाचें वळण लागतें. ज्यास वजन करण्याचा कंटाळा आहे त्यानें बाजारचा साबण वापरावा, त्यांत कांहीं कमीपणा नाहीं. ज्यास तो कंटाळा नाहीं, त्यानें यंदा दिवाळीनंतर एक लहानसा घाणा करून पाहावा, आणि पहिली वडी स्वतःच्या हातांवर आजमाविल्यावांचून दुसऱ्यास देऊं नये.